लिंबाखाली काही नाही

नकाशेवाली बाई पहिल्यांदा आली तेव्हा मी तिच्याशी खोटं बोललो. एवढंसं खोटं, दोन शब्दांचं. पुढं जे झालं ते सगळं त्यातनं झालं, म्हणून आधी तेच सांगतो.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. सकाळची वेळ. आमच्या कॉलनीच्या मधोमध एक मोकळा प्लॉट आहे, त्याच्या कडेला मी उन्हाला बसलो होतो. पस्तिशीची एक बाई आली. पायात बूट, गळ्यात महापालिकेचं ओळखपत्र, काखेत गुंडाळलेला नकाशा. बरोबर दोन माणसं, एकाकडं टेप, दुसऱ्याकडं चुन्याची बादली. टेप आणि चुना एकत्र बघितला की मी सावध होतो. आजवर ज्यानं टेप धरली त्यानं काहीतरी नेलंच.

"आजोबा, इथे बाग करायची आहे," ती म्हणाली. "शहर या बाजूला वाढलंय, पण बसायला-खेळायला जागाच नाही. लोकांना विचारून करणार आहोत. तुम्ही रोज इथे बसता का?"

"कोन म्हनलं?"

"कोणी नाही. तुम्ही बसलेले दिसलात म्हणून विचारलं."

"आज बसलोय."

तिनं वहीत लिहिलं. मी दोन शब्द बोललो आणि तिनं अख्खी ओळ लिहिली. बाकीची ओळ कशाची, हे मला दुपारपर्यंत पुरलं.

मग तिनं प्लॉटच्या कोपऱ्यातल्या कडुलिंबाकडं बोट केलं. "त्या झाडाखाली काय आहे? ते पांढरे दगड?"

"काय न्हाय," मी म्हटलं. "दगडं हाईत. टाकल्यात कुनीतरी."

हेच ते खोटं.

ते दगड टाकलेले नव्हते. माझ्या बायकोनं मांडलेले होते, आणि ती वैशाखात गेली.

आमचं मूळ गाव वळसंगच्या पलीकडं. तिकडं येळवस करतात. मार्गशीर्ष संपताना अमावस्या येते, त्या दिवशी आमच्या भागात कुणी घरात जेवत नाही. सगळं घर शेतात. कडब्याची खोप करायची, आत पाच दगड मांडून चुना लावायचा, ते पांडव. आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, शेंगाच्या पोळ्या, सगळ्याचा निवद दाखवायचा. मग घरातल्या बाप्यानं आंबील शिंपडत शेताला फेरी मारायची आणि आरोळी द्यायची. अर्धी कानडी, अर्धी मराठी. अर्थ कुणाला विचारला तर तो दुसऱ्याकडं बोट करतो. मग येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून जेवू घालायचं. त्या दिवशी कुणाला नको म्हणायचं नाही.

मी सोलापुरात चादरीच्या कारखान्यात लूमवर लागलो. पुढं हद्दवाढीत हा प्लॉट घेतला, दोन खोल्या बांधल्या. येळवशीला आम्ही गावाला जायचो. मग भावानं आणि मी मिळून शेत विकलं. विकल्यावर बायको एकटीच गावाला गेली आणि संध्याकाळी पिशवी घेऊन परत आली. पिशवीत पाच काळे दगड, नारळाएवढे. बांधावरचे. एसटीत कंडक्टर तिला म्हणाला होता, "मावशी, दगडं कुटं न्यायलाव? सोलापुरात दगडं संपली व्हय?" ती म्हणाली, "दगडं लई हाईत बाबा, पांडव न्हाईत." हे ती आम्हाला वर्षानुवर्षं सांगायची आणि दर वेळेला स्वतःच आधी हसायची.

मी म्हटलं, "शेत न्हाय, दगडं कशाला?"

ती म्हणाली, "शेत इकलंय. येळवस इकली न्हाय."

त्या मोकळ्या प्लॉटवर कडुलिंबाचं रोप तिनंच लावलं होतं. त्याच्याखाली तिनं दगड मांडले. चारा बाजारातनं कडब्याच्या पेंढ्या आणायच्या, खोपीवर माझ्या कारखान्यातली डागी चादर टाकायची. पहिल्या वर्षी आम्ही चारच माणसं. मग शेजारची तेलुगू अक्का आली, तिच्या मागनं विडी वळणाऱ्या बाया आल्या. समोरचा म्हातारा रिक्षावाला, माझा दोस्त, तो तर निवद दाखवायच्या आधीच येऊन बसायचा. वीस-पंचवीस वर्षांत निम्मी कॉलनी त्या लिंबाखाली जेवायला लागली. बाकीच्या दिवशी बाया तिथं सुपं घेऊन विड्या वळत बसायच्या.

आता कुणी म्हणेल, मग बाईला सरळ सांगायचं की. सांगतो का नाही सांगितलं ते.

या प्लॉटवर 'नियोजित उद्यान' म्हणून पाटी लागली तेव्हा माझे केस काळे होते. पाटी गंजली, पडली, तिचा पत्रा कुणाच्या तरी न्हाणीला दार म्हणून लागला. मग कुणी टॉवर उभा करायला आला. कुणी मंगल कार्यालय करतो म्हणाला. कुणी नुसत्याच दोन ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणून लावल्या आणि महिन्यानं ती जागा आपलीच असल्यासारखं बोलायला लागला. दर वेळेला मी भांडलो. कारखान्यात चाळीस वर्षं मी कापडातली चूक शोधायचं काम केलं. धागा तुटला की लूम थांबवायचा. डोळ्याला तीच सवय. लूमच्या खडखडाटानं कान मात्र गेले, त्यामुळं चार माणसं लांब उभी राहून हसली की मला वाटतं माझ्यावरच हसतात. निम्म्या वेळेला ते खरंही असतं.

बायको होती तोवर हे चालायचं. संशय मी घ्यायचा, काढून टाकायचं काम तिचं. "अवं, त्यो मीटर बघायला आलाय, चोर न्हाय." "अवं, सून हळू बोलतीय कारन तिचा घसा बसलाय." दिवसाला चार-पाच तरी ती काढायची, भाकरी थापता थापता. ती गेल्यापासनं संशय घरात साठत गेले. कोण काढणार? पोरगं पुण्याला कंपनीत, पंधरा दिवसांनी येतं. घरात मी आणि सून. सून कमी बोलते. कमी बोलणाऱ्या माणसाचा मला जास्त संशय येतो.

बायको गेली तेव्हा डॉक्टर म्हणाला हार्ट. ताप तिला तीन दिवस होता, हार्ट कुठनं आलं? अजून मला पटलेलं नाही. तेराव्यानंतर एका दुपारी मी तिच्या साड्या गाठोड्यात बांधल्या आणि दारावर आलेल्या भांडीवालीला देऊन टाकल्या. बदल्यात काही घेतलं नाही. सुनेला विचारलंही नाही. कपाट उघडलं की वास यायचा, तो मला सहन होत नव्हता, बस.

तर नकाशेवाली बाई. आमच्या चहाच्या टपरीवर पक्कं ऐकलं होतं की मोकळ्या जागेत जे मांडलेलं सापडतं त्याची आधी अतिक्रमण म्हणून नोंद होते आणि मग जेसीबी येतो. म्हणून मी म्हटलं, काय न्हाय. नोंदच नको. त्या वेळी बाया पानं-तंबाखू आणायला विडी कारखान्यात गेल्या होत्या, लिंबाखाली कुणी नव्हतं. नाहीतर त्यांनी तिथल्या तिथं मला खोटं पाडलं असतं, आणि बरं झालं असतं.

दुपारी कॉलनी झोपल्यावर मी पिशवी घेऊन गेलो. तीच पिशवी नव्हती, पण तसलीच. एकेक दगड उचलला. गेल्या येळवशीला तिनं लावलेला चुना अजून दगडांवर होता, तो माझ्या सदऱ्याला लागला. दोन खेपा केल्या. दुसऱ्या खेपेला समोरच्या ओट्यावरनं दोस्तानं आवाज दिला.

"क्या रे बुढ्ढे, पत्थर चोर रा क्या?"

"गप बस. जप्त करायला येनार हाईत."

"कौन आता पत्थर जप्त करने कू? चाय पी के जा."

चहाला थांबलो नाही. परसात पाण्याच्या टाकीमागं पाच दगड ठेवले, वर पोतं टाकलं. झालं, म्हटलं. आता बघा म्हणावं, काय सापडतंय.

काही सापडलं नाही. तोच घोटाळा झाला.

तीन आठवड्यांनी शाळेच्या एका वर्गात बैठक बोलावली. मी बागेसाठी नाही, पाळतीवर गेलो. पोरांच्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून म्हातारी माणसं बसलेली. चहा-बिस्किटं होती. मी घेतली नाहीत. चहा पाजून सह्या घेतात. फळ्यावर मोठा नकाशा लावला होता आणि प्रत्येकाला हिरव्या गोल कागदी टिकल्यांची एक पट्टी दिली, पाच टिकल्या. जे हवं वाटतं तिथं चिकटवा, म्हणाली. मी पट्टी खिशात घातली. कोण काय चिकटवतंय ते बघत राहिलो. नव्या बंगल्यांतले लोक पुढं होते. एकाला चालायला ट्रॅक पाहिजे, एकाला व्यायामाची लोखंडी यंत्रं, एकाला कुत्री नकोत. बाया कुणी नव्हत्या, त्या वेळेला त्यांच्या सुपात विड्या.

मी उठून नकाशाजवळ गेलो. लिंब सापडला, हिरवं वर्तुळ. त्याला लागून एक चौकोन. चौकोनात लिहिलेलं. मी चौथी शिकलेला, जोडाक्षरं मला जड जातात. स्व, च्छ, ता. पुढचं वाचायची गरज पडली नाही.

"लिंबाखाली संडास?" माझा आवाज मोठाच असतो, त्या दिवशी शाळेबाहेर गेला असेल.

बाई जवळ आली. "आजोबा, झाडाला धक्का लावलेला नाही. शेजारी घेतलंय. ड्रेनेज जवळ आहे आणि तिथे जागेवर काही नाही."

"काय न्हाय कुनी सांगितलं?"

तिनं वही काढली, पानं उलटली. वाचून दाखवलं. "कडुलिंबाखाली काही नाही. दगड कोणीतरी टाकलेले. पुन्हा पाहणी केली तेव्हा दगडही नव्हते." मग वर बघून म्हणाली, "सांगणारे तुम्हीच होता."

तरीसुद्धा मी मागं हटलो नाही. "तुमचं आदीच ठरलेलं असतंय. हे नकाशे, टिकल्या, समदं नाटक हाय. तितं आमची येळवस असती. पाच पांडव हाईत तितं."

"कुठे आहेत?" ती म्हणाली. चिडून नाही. खरंच विचारत होती.

मागच्या बाकावरनं माझा दोस्त उठला. त्याला बाकातनं बाहेर पडायलाच वेळ लागला. "मॅडम, पत्थर थे. मैं बोलताऊं ना. ये बुढ्ढाच थैली में भर को ले गया. मैं देखा."

सगळा वर्ग हसला. त्या हसण्याला माझे कान पुरे पडले.

"हरकत घ्यायला अजून आठ दिवस आहेत," बाई म्हणाली. "पण आजोबा, मला जे दिसतं तेच मी काढू शकते. दाखवा मला. मी येते."

रस्ताभर दोस्त माझ्या मागनं चालत होता. "नाराज हुआ क्या? अरे, सच बोला तो तेरा काम होता ना. झूट बोल को क्या मिला तेरे कू? संडास."

लिंबाखाली दर वर्षी बायकोनं हातानं सारवलेली जागा, आणि तिथं मी संडास आणला होता. दुसऱ्या कुणी नाही. आयुष्यभर लोकांवर संशय घेतला, आणि नेमका घ्यायचा तो माणूस आरशात होता.

घरी आलो, परसात गेलो, पोतं उचललं. चार दगड.

परत मोजले. चारच. सगळ्यात लहान दगड नव्हता. बायको त्याला सहदेव म्हणायची, त्याला चुना लावताना जरा जपून लावायची.

सून न्हाणीजवळ कपडे धूत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"दगूड कुटंय?"

"कोणता, मामा?"

"नाटक करू नको. पाच व्हते. चार हाईत. टाकला का? दाराला लावला का? कुनाला दिला?"

तिनं हातातलं कापड बादलीत टाकलं. ती माझ्याशी कधी तोंड वर करून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"टाकायला तर तुमी काढलेत."

"मी?"

"मग काय? आत्यांच्या साड्या दिल्यात, मी गप बसले. एक तरी मागायची व्हती मला, ती मोरपंखी. मागितली न्हाय. चपला टाकल्या, गप बसले. मग एक दिवस टाकीमागं पोत्याखाली हे दगडं दिसले. मला वाटलं आता हेबी भंगारात चालले. म्हनलं, चार जाऊ दे, एक तरी घरात ऱ्हाऊ दे."

ती हात पुसत आत गेली. ज्वारीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि सहदेव बाहेर काढला. अंगाला ज्वारीचं पीठ लागल्यासारखा दिसत होता, पण तो चुनाच होता. दोन्ही हातांत धरून तिनं तो माझ्यापुढं केला, पण सोडला नाही.

मी पाटावर बसलो. म्हटलं, "मी टाकत नव्हतो गं. लपवत व्हतो."

"कुनापासनं?"

सांगितलं तिला सगळं. नकाशा, चौकोन, वहीतलं वाचलेलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मामा, लपवलेलं कुनाला दिसंल का?" एवढं साधं वाक्य. बायको असती तर हेच म्हणाली असती, फक्त आधी मला दोन शिव्या दिल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं दगड घेऊन लिंबाखाली गेलो. उघड, सगळ्यांसमोर. चार मी नेले, सहदेव तिच्याकडं. मांडताना अडलं. कुठला कुठं होता ते मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी तिथं उभा, पण बघत होतो रस्त्याकडं, कोण येतंय, कोण जातंय. सुनेनं मांडले. मोठा मधे नाही, मोठा डाव्या हाताला, म्हणाली. तिनं बघितलं होतं.

मी बाईच्या कचेरीत गेलो. तासभर बसवून ठेवलं, बसलो. ती आली, म्हणाली, उद्या चार वाजता येते. मी म्हटलं, चारला कसं, विड्या देऊन बाया घरी येतात, चहा-पाणी, साडेपाचला या. ती म्हणाली बरं. इतक्या पटकन बरं म्हणाली की मला शंका आली. ती शंका मी तिथंच ठेवून आलो, म्हणजे प्रयत्न केला.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा ऊन उतरत होतं. तीच दोन माणसं, टेप, चुन्याची बादली. पाच दगड बघितले, फोटो काढला. म्हणाली, "दगडांना जागा किती, दोन फूट. तेवढी सोडता येईल. पण तुमच्या कार्यक्रमाला किती लागते? लांबी-रुंदी सांगा."

मला कुठं माहीत? बायकोनं कधी टेप धरली नव्हती. शेत असताना शेताएवढी जागा होती. इथं माणसं येतील तशी जागा व्हायची. मी नुसते हात पसरले. बाईनं पेन खाली केलं. मला वाटलं, गेलं आता.

सुनेनं पदर खोचला आणि घरोघर गेली. दहा-बारा मिनिटांत बाया आल्या. कुणाच्या हाताला तंबाखू, कुणाच्या काखेत सूप. सून म्हणाली, "येळवशीला बसताव तशा बसा."

"आता? जेवायला काय हाय?" एकीनं विचारलं.

"काय न्हाय. नुसतं बसा."

"नुसतं बसायला बोलावलंय म्हणे. अशी येळवस पहिल्यांदा बघितली."

हसत हसत बसल्या. पण बसताना कुणी कुणाला विचारलं नाही. ज्या तिथं बसायच्या त्या तिथंच बसल्या, गोल धरून, पाय दुमडून. तेलुगू अक्का बुंध्याला टेकून, तिच्या गुडघ्याला आधार लागतो. माझा दोस्त आला आणि जिथं खोपीचं तोंड असतं तिथं बसला, निवदाला सगळ्यात जवळ. "मेरी जगा येईच है, मॅडम, लिख लो." गोल पूर्ण झाला, फक्त दगडांसमोर एका माणसाची जागा मोकळी राहिली. कुणी सरकून ती भरली नाही.

चुनेवाला बायांच्या पाठीमागनं चुना टाकत निघाला. त्या मोकळ्या जागेशी आला आणि आतल्या बाजूला वळायला लागला.

"थांब," बाई म्हणाली. "इथे कोण बसतं?"

तेलुगू अक्कानं सांगितलं, "तिथं अम्मा बसते."

बसते, म्हणाली. बसायची, असं नाही म्हणाली.

बाईनं चुनेवाल्याला हातानं खूण केली. तो त्या जागेच्या बाहेरनं गेला, बाकीच्यांच्या पाठीमागनं गेला तसाच, पाठीला जागा सोडून. मी लिंबाकडं तोंड केलं. झाडावर बघण्यासारखं काही नव्हतं.

"आणि आजोबा, तुम्ही कुठे बसता?"

"मी उभा असतो."

"का?"

"नजर रखने कू," दोस्त म्हणाला. "कोई अंबील चोर के ले गया तो?"

बाया हसल्या. बाईपण हसली. तिनं गोलाबाहेर चार पावलं मोजली आणि म्हणाली, "इथपर्यंत घेऊ. उभं राहायला." आणि चुन्याची रेघ तिथं थोडी फुगवली.

मग तिनं नकाशा सुपावर पसरला. मी खिशातनं टिकल्यांची पट्टी काढली, बैठकीतली. खिशात दोनदा धुतली गेलेली, तरी चिकटत होती. लिंबाखाली पाचही चिकटवल्या.

"एका ठिकाणी एकच लावायची, आजोबा."

"पाच दगडं हाईत," मी म्हटलं.

तिनं काढल्या नाहीत.

नवा नकाशा कचेरीच्या भिंतीवर लागला तेव्हा मी सुनेला बरोबर नेलं. तिचं वाचणं माझ्यापेक्षा जलद. संडास रस्त्याकडच्या कोपऱ्यात गेला होता. ट्रॅक लिंबाला वळसा घालून जात होता. लिंबाभोवती गोल होता, एका बाजूला फुगलेला.

"गोलात काय लिवलंय?" मी विचारलं.

तिनं जवळ जाऊन बघितलं. "काय न्हाय, मामा. मोकळं सोडलंय."

मी एका प्रतीवर शिक्का मारून मागितला. मिळाला. ती प्रत घरी देवाच्या फोटोमागं ठेवली आहे.

येळवशीला आता चार दिवस आहेत. बागेचं काम अजून सुरू नाही, होईल तेव्हा बघू. आज सकाळी मी चुना कालवला आणि दगडांना लावायला लिंबाखाली गेलो. बायकोच्या चुन्यावर माझा चुना लावायचा म्हणून बराच वेळ ब्रश हातात धरून बसलो. मग मोजले. चार.

घरी आलो. सून भाकरी थापत होती.

"सहदेव न्हाय तितं," मी म्हटलं.

तिनं मान वर केली नाही. डोळ्यानंच ज्वारीच्या डब्याकडं खूण केली. "मीच परत आनलाय. येळवशीला नेऊ. तंवर घरात ऱ्हाऊ दे. नकाशाचं काय खरं हाय? आज मोकळं सोडत्यात, उद्या टाकत्याल काय बी."

मी पाटावर बसलो. चुन्याचे हात गुडघ्यावर ठेवले. आणि माझ्याच तोंडनं ऐकलं,

"अगं, तशी न्हाय ती बाई."